गॅरेज आणि वर्कशॉपसाठी दणकट लाकडी रॅक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॅकचं माप किती ठेवावं?

आधी प्लायचा विचार करा, रॅकचा नंतर. बाजारात प्लाय ८ बाय ४ फुटांत मिळतो. त्यातून २ फूट खोलीच्या चार फळ्या निघतात आणि जवळजवळ काही वाया जात नाही. म्हणून एका शीटमध्ये बसणारा, बाहेरून ४ फूट लांब, २ फूट खोल, साडेसहा फूट उंच आणि चार फळ्यांचा रॅक हे माप आम्ही मूळ धरतो. पुढचे सगळे आकडे याच मापाचे आहेत. आठ फूट भिंत भरायची असेल तर असे दोन रॅक शेजारी उभे करा. एकच आठ फुटी रॅक करण्यात शहाणपण नाही, कारण मध्ये झोल येतो आणि जागा बदलायची वेळ आली तर दारातून बाहेर निघत नाही.

नुसते नटबोल्टचे डबे, ड्रिल, ग्राइंडर ठेवायचे असतील तर २ फूट खोली जास्त होते. मागचा डबा कुणाला दिसत नाही. तिथे १६ इंच पुरे, एका शीटमधून सहा फळ्या निघतात.

कोल्हापुरात कोणतं लाकूड घ्यावं?

सागवान उत्तमच, पण रॅकसाठी नवं सागवान घेणं म्हणजे उधळपट्टी. जुन्या घरांचं उतरवलेलं सागवान मिळालं तर सोडू नका. वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे पीळ घेत नाही. फक्त सॉ मिलवर नेण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. एक खिळा राहिला तर पट्टा-करवतीचे दात जातात आणि गिरणीवाला तुमचं पुढचं लाकूड हातात धरत नाही.

किंजळ आणि ऐन ही घाटाकडची लाकडं पायांसाठी भक्कम असतात. जड आहेत, स्क्रू मारण्याआधी भोक पाडावंच लागतं. फणस टिकाऊ आणि कामाला सोपा. सिल्व्हर ओक हलका आणि स्वस्त, आतल्या पट्ट्यांना चालतो, जमिनीला टेकणाऱ्या पायांना नको. निलगिरी ताकदीला कमी नाही, पण ओली असताना कापली तर पिळते आणि टोकाला चिरते. घ्यायचीच तर वाळलेली आणि सरळ पाहून घ्या. आंब्याच्या लाकडाला किडा पटकन लागतो, ते टाळा.

कोणतंही लाकूड असलं तरी सालीकडचा पांढरट भाग कमीत कमी असावा. भुंगा आधी तोच पोखरतो.

कारखान्यातल्या पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन चालेल का?

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशिनरीबरोबर आलेली पाइनची खोकी, पॅलेट बऱ्याचदा भंगारात मिळतात. मधल्या पट्ट्या आणि आडव्या भागांना ते चालतं. पॅलेटवर गव्हाच्या कणसासारखा शिक्का असतो, त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड फक्त तापवलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घरच्या गॅरेजला आणू नका. तेलाचे, केमिकलचे डाग असलेलं पॅलेटही नको. पाइन मऊ असतं, त्यामुळे बोल्टखाली मोठा वॉशर घालायलाच हवा, नाहीतर बोल्टचं डोकं लाकडात रुतत जातं आणि जोड ढिला पडतो.

लाकूड वाळलंय हे कसं कळतं? पावसाळ्यात रॅक करावा का?

मॉइश्चर मीटर असेल तर १२ ते १५ टक्के ओल चांगली. मीटर नसेल तर एक वीतभर तुकडा कापा, वजन करा, आठवडाभर घरात सावलीला ठेवा आणि पुन्हा वजन करा. लक्षात येण्याइतकं घटलं तर लाकूड ओलं आहे. तुकड्याच्या टोकाला बारीक चिरा आहेत का तेही बघा.

जून ते सप्टेंबर वखारीतलं लाकूड बहुधा उघड्यावर भिजलेलं असतं. अशा लाकडाचा जोड पावसाळ्यात घट्ट वाटतो, मार्चमध्ये लाकूड आकसतं आणि खाच सैल होते. लाकूड लांबीत फारसं घटत नाही, रुंदीत घटतं. घ्यायचंच असेल तर घरी आणून जमिनीपासून वर, प्रत्येक थराच्या मध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा सावलीत रचा. तीन इंची तुकड्याला निदान दोन-तीन महिने द्या. त्यापेक्षा दिवाळीनंतर काम काढलेलं बरं.

सामान नेमकं किती लागतं?

एका रॅकचा हिशेब असा:

- पाय: ३ बाय २ इंच, साडेसहा फुटी ४ नग (२६ रनिंग फूट)
- पायऱ्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिडीतल्या आडव्या पट्ट्या: ३ बाय दीड इंच, २ फुटी ८ नग
- पुढच्या-मागच्या लांब पट्ट्या: ३ बाय दीड इंच, ४४ इंची ८ नग
- फळीखालची मधली पट्टी: ३ बाय दीड इंच, २१ इंची ४ नग
- पाठीमागची तिरकी पट्टी: २ बाय १ इंच, ६ फुटी २ नग
- प्लाय: १८ मिमी, एक शीट
- ८ मिमी बोल्ट, ९० मिमी लांब, नट आणि दोन्ही बाजूंना वॉशर: ३२
- २ इंची एल क्लॅम्प (एल आकाराची लोखंडी पट्टी): २४, त्याला ८ नंबरचे २५ मिमी स्क्रू साधारण १००
- फळी बसवायला ८ नंबरचे ३८ मिमी स्क्रू: ४०

लाकडाचा घनफूट काढायचा तर लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणा आणि १४४ ने भागा. वरच्या यादीचं लाकूड २.९ घनफूट भरतं, तूट धरून साडेतीन घनफूट सांगा. दर विचारताना तो रंधा मारण्याआधीच्या मापाचा आहे की नंतरच्या, आणि कापाई वेगळी आहे का, हे आधीच विचारून घ्या. ३ इंचाची पट्टी रंधा मारून पावणेतीन इंच भरते. खाचा आणि उंची आखताना हातातल्या लाकडाचं माप धरायचं, बिलावरचं नाही.

प्लाय कोणता, आणि कसा कापून घ्यायचा?

कोरड्या, वरच्या मजल्यावरच्या खोलीत आयएस ३०३ या भारतीय मानकाचा एमआर (थोडी ओल सोसणारा) ग्रेड चालतो. गॅरेज रस्त्याच्या पातळीला असेल, भिंतीला ओल असेल किंवा पूर येणारा भाग असेल तर आयएस ७१० चा मरीन प्लायच घ्या. स्वस्त प्लायच्या कडेकडे नीट पहा. थरांमध्ये पोकळ्या दिसल्या तर तिथे स्क्रू धरत नाही आणि फळी त्याच जागी खचते.

कापायची दिशा इथे महत्त्वाची आहे. प्लायच्या वरच्या थराची नस ८ फुटांच्या दिशेने धावते आणि नसेच्या दिशेने प्लाय जास्त ताठ असतो. आपल्या रॅकमध्ये फळी पुढच्या आणि मागच्या पट्टीवर टेकते, म्हणजे भार खोलीच्या दिशेने पेलला जातो. नसही त्याच दिशेला हवी. म्हणून आधी शीटच्या ८ फुटी बाजूने ४ इंचांची पट्टी काढून टाका, म्हणजे रुंदी ४४ इंच राहील. मग ८ फुटांच्या लांबीला आडवे तीन काप घेऊन चार समान तुकडे करा. करवतीच्या पात्यात प्रत्येक कापाला तीनेक मिमी जातात, त्यामुळे तुकडा २४ इंचांऐवजी ६०७ मिमीच्या आसपास येतो, ते धरून चाला.

फळी ४८ ऐवजी ४४ इंच का, असं दुकानदारही विचारतो. ४८ इंची फळी घेऊन तिचे चारही कोपरे पायांभोवती खाचले तर रॅक उभा झाल्यावर ती आत जातच नाही, कारण दोन पायांमधली मोकळी जागा ४४ इंचच असते. ४४ पेक्षा सूतभर (इंचाचा आठवा भाग) कमी ठेवा, समोरून सरळ सरकते. उरलेल्या ४ इंची पट्टीतून मागे अडसर म्हणून लावायला दोन तुकडे निघतात.

किती वजन पेलेल? फळीला झोल का येतो?

वरच्या मापात, वाळलेलं लाकूड असेल तर एका फळीवर पसरून ठेवलेलं दीडशे किलो निर्धास्त ठेवा. अंदाजासाठी: रंगाची २० लिटरची भरलेली बादली २५ किलोच्या पुढे जाते, तेवढीच इंजिन ऑइलची बादली साधारण १८ ते २० किलो. लोखंडी गोल सळीचं मीटरमागे वजन काढायचं तर व्यास मिमीमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा. २५ मिमीची सळी मीटरला ३.८६ किलो भरते. वर्कशॉपमधला माणूस डब्याच्या आकाराला फसतो. बेअरिंग आणि बोल्टचा छोटा डबा मोठ्या खोक्यापेक्षा जड असतो.

झोल लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो. ४४ इंचांची पट्टी ६८ इंचांची केली तर तेवढ्याच वजनाला झोल जवळजवळ पावणेचारपट होतो. सहा फुटी रॅक मध्ये बसतो तो यामुळेच. उलट पट्टीची उंची ३ ची ४ इंच केली तर ताठपणा दोन पट ते अडीच पटीच्या दरम्यान वाढतो. म्हणून पट्टी नेहमी उभी लावायची, ३ इंचांची बाजू वर-खाली. तीच पट्टी आडवी टाकली की चौथाईच ताठपणा उरतो. खाली पट्ट्याच न देता नुसता १८ मिमी प्लाय चार फुटांवर टेकवला तर १०० किलोला अर्धा इंच सहज वाकतो, आणि भार कायम राहिला तर वर्षभरात तो वाक कायमचा होतो.

जोडणी कोणत्या क्रमाने करायची?

रॅक म्हणजे दोन शिड्या आणि त्यांच्यामध्ये बसलेल्या पट्ट्या.

चारही पाय शेजारी ठेवून क्लॅम्पने आवळा आणि गुण्या लावून सगळ्या खाचा एकदम आखा. वेगवेगळे आखले की एक तरी पाय चुकतो. फळ्यांची वरची बाजू जमिनीपासून १२, ३३, ५१ आणि ६६ इंचांवर येते. सर्वात खालच्या कप्प्यात २० लिटरची बादली उभी राहावी म्हणून तिथे जास्त अंतर ठेवलं आहे. प्लाय पाऊण इंच आणि लांब पट्टी तीन इंच वजा केल्यावर पायरीच्या खाचेची वरची कड सव्वाआठ, सव्वाएकोणतीस, सव्वासत्तेचाळीस आणि सव्वाबासष्ट इंचांवर येते. लांब पट्टी पावणेतीन इंच असेल तर चारही आकडे पाव इंचाने वाढवा.

खाच पायाच्या आतल्या बाजूला, ४ सूत खोल. करवतीने अर्ध्या-अर्ध्या इंचावर काप घ्या आणि मधलं लाकूड पटाशीने काढा. पायरी हातोडीने हलकी ठोकून बसली पाहिजे. हाताने सहज सरकली तर खाच रुंद झाली. खाचेमुळे वजन थेट लाकडावरून लाकडावर उतरतं, बोल्ट फक्त धरून ठेवतो. 

पायरी बसल्यावर प्रत्येक जोडाला दोन बोल्ट तिरके, एक वर डावीकडे, एक खाली उजवीकडे. दोन्ही एकाच उभ्या रेषेत आले तर पाय नसेने चिरतो. भोक साडेआठ मिमीचं. आवळण्याआधी शिडीचे दोन्ही कर्ण मोजा, फरक दोन सुतांच्या आत असावा.

आता दोन शिड्या उभ्या करा. पायरी दीड इंच जाड आणि अर्धा इंच खाचेत गेलेली, म्हणजे आत इंचभर कड उरते. लांब पट्टीचं टोक त्या कडेवर टेकवा, पायाला भिडवा आणि आतून एल क्लॅम्पने पकडा. आधी सर्वात खालची आणि सर्वात वरची जोडी, मग पाणसळ (लेव्हल) आणि ओळंबा लावून पाठीमागच्या तिरक्या पट्ट्या, आणि मग बाकीचं. मधली पट्टी शेवटी, तिची वरची कड लांब पट्ट्यांच्या सपाटीला.

खिळे चालतील? काळे स्क्रू?

भार येणाऱ्या जोडाला खिळा नको. जिप्समसाठीचे काळे स्क्रूही नकोत. कडक असतात, आडवा झटका बसला की मान तुटते. पिवळे किंवा पांढरे झिंक चढवलेले लाकडी स्क्रू घ्या, ८ नंबरला कठीण लाकडात ३ मिमीचं भोक आधी पाडा. बोल्ट-नटसाठी शिवाजी उद्यमनगरात जाऊन किलोवर घेणं सुटे घेण्यापेक्षा परवडतं.

रॅक डुगडुगतो, काय करावं?

दहांपैकी नऊ वेळा पाठीमागची तिरकी पट्टी नसते. जाड पाय आणि आणखी स्क्रू लावून हा डुगडुग जात नाही. आयत कितीही जाड लाकडाचा असला तरी तिरका होतो, त्रिकोण होत नाही. दोन तिरक्या पट्ट्यांच्या फुलीच्या चारही टोकांना आणि मध्ये जिथे पट्ट्या एकमेकांवरून जातात तिथे स्क्रू हवेत. फुलीऐवजी मागे ६ मिमी प्लाय ठोकला तरी चालतो, मात्र ओलसर भिंतीजवळ त्याच्यामागे बुरशी धरते.

पट्टी आहे आणि तरी हलतो? मग बोल्ट तपासा. लाकूड पहिल्या उन्हाळ्यात आकसतं, एप्रिलमध्ये सगळे नट एकदा फिरवून घ्या.

जमीन उताराची आहे. पाय कसे समपातळीत आणायचे?

गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार असतोच. पाय कापू नका. रॅक जागेवर ठेवा, पाणसळ लावा आणि उतरत्या पायांखाली शहाबादीचा किंवा कडप्प्याचा तुकडा द्या. उरलेला फरक सागाच्या पाचरीने भरा. प्रत्येक पायाखाली दगडाचा तुकडा असावा, उतार नसला तरी. फरशी धुताना पाणी लाकडाच्या टोकातून वर चढतं आणि पाय खालून कुजतो.

भिंतीला बांधणं गरजेचं आहे का?

हो. वरची फळी भरलेली आणि खालची रिकामी असेल तर मुलाने पाय ठेवला तरी रॅक पुढे येतो. वरच्या टोकाला दोन ठिकाणी एल क्लॅम्पने भिंतीशी पकडा.

वीट किंवा काँक्रीटमध्ये ८ मिमी फास्टनर ठीक, पण विटेत घ्या, सांध्यातल्या सिमेंटमध्ये नको. जांभा चिरा मऊ असतो, त्यात फुलणारा लोखंडी फास्टनर दगडच फोडतो. तिथे लांब नायलॉन प्लग आणि १० सेंमी स्क्रू बरा. जुन्या वाड्याच्या मातीत बांधलेल्या दगडी भिंतीवर विश्वास टाकू नका. तिथे खिडकीच्या चौकटीला किंवा वरच्या तुळईला पट्टीने धरा. पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याला नाही, अँगलच्या खांबाला बोल्ट करा. भिंत आणि रॅक यांच्यात दोन इंच मोकळे सोडा, वाळवीची मातीची नळी वेळीच दिसते.

वाळवीसाठी जळकं ऑइल लावलं तर?

सर्रास लावतात, आणि सर्रास पस्तावतात. जळकं ऑइल लाकडात खोल जात नाही, कपड्यांना आणि खोक्यांना डाग पाडतं, वर पेट घेणाऱ्या वस्तूंच्या शेजारी तेलकट लाकूड उभं राहतं. शिवाय त्यावर पुढे रंग बसत नाही. तयार वाळवीरोधक लाकूड-औषध जोडणीआधी दोन हात लावा, हातमोजे घालून, उघड्यावर. कापलेल्या टोकांना जास्त, तीच औषध पितात. पायाचं टोक औषधाच्या डब्यात थोडा वेळ उभं बुडवून ठेवलं तर सर्वात चांगलं.

फळीवर बारीक पांढरी भुकटी दिसली तर ती वाळवी नव्हे, लाकूड पोखरणारा भुंगा. छिद्रांत सुईने औषध भरा आणि तुकडा पोकळ वाजत असेल तर बदला.

पुराचं पाणी येतं त्या भागात काय वेगळं करायचं?

२००५, २०१९ आणि २०२१ मध्ये ज्यांच्या गॅरेजमध्ये पंचगंगा आली त्यांना सांगायला नको. लाकूड तरंगतं. भिंतीला न बांधलेला रॅक पाण्यात उचलला जातो आणि आडवा होतो, तेव्हा वरचं सामानही जातं. म्हणून बांधणी इथे दुप्पट महत्त्वाची: मागच्या दोन्ही पायांना वर आणि खाली, असे चार ठिकाणी बांधा. बोल्ट गॅल्व्हनाइज्ड, गोंद पाण्यात टिकणारा, प्लाय ७१०. फळ्यांना गोंद लावू नका, फक्त स्क्रू, म्हणजे पाणी ओसरल्यावर काढून धुता येतात.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ ची बातमी आली की मोटर, वेल्डिंग मशीन, थिनर आणि ऑइलचे डबे खालच्या दोन फळ्यांवरून हलवायला घ्या. ४३ ची वाट पाहिली तर गल्लीतून गाडी निघत नाही. पाणी गेल्यावर लाकूड उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर वाळवा. ऊन लागलं की पिळतं.

फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा पाडायचे नमुने) ठेवायला हाच रॅक चालेल?

चालेल, पण फळ्यांमधलं अंतर कमी करून पाच-सहा फळ्या करा. पॅटर्नवर पॅटर्न रचला की कडा झिजतात आणि वजनाने पातळ भाग वाकतो. फळी प्लायची सलग न ठेवता २ इंची पट्ट्यांची, मध्ये बोटभर फट सोडून केली तर खालून वारा लागतो. ओलसर भिंतीपासून आणि भट्टीपासून दोन्हींकडून लांब. पॅटर्न आणि त्याचा कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा गाभा करायचा साचा) एकाच फळीवर, नंबर फळीच्या कडेवर रंगवून. हा रॅक दोन्ही बाजूंनी हात पोचेल असा मधोमध उभा करायचा झाला तर पाठीमागच्या फुलीऐवजी दोन्ही शिड्यांच्या वरच्या टोकांना कोपऱ्यात तिरके टेकू लावा आणि वरून छताला बांधा.

मग लोखंडी अँगलचाच का नाही?

फळीमागे अडीच-तीनशे किलोच्या वर, कूलंट आणि तेल सांडणारी जागा, किंवा शेजारी वेल्डिंग-ग्राइंडिंग चालत असेल तर लोखंडीच घ्या. ठिणगी लाकडाच्या भुश्यात तासभर धुमसते आणि सगळे घरी गेल्यावर पेटते. बाकी ठिकाणी लाकूड बरं: मशीन केलेल्या भागाला ओरखडा येत नाही, पाहिजे तिथे हूक मारता येतो, आणि फळीची जागा बदलायला वेल्डर बोलवावा लागत नाही.

वर रंग की पॉलिश?

दोन्हींची गरज नाही असं सुतार सांगेल, आणि फळीखालच्या पट्ट्यांपुरतं ते खरं आहे. प्लायच्या कापलेल्या कडा मात्र उघड्या ठेवू नका. पुटी आणि ऑइल पेंटचे दोन हात तिथे द्या, ओल थरांत शिरते ती कडेतूनच. पायांच्या खालच्या फूटभर भागाला वाळवीरोधक औषध पूर्ण वाळल्यावर ऑइल पेंट लावा. फळीच्या वरच्या बाजूला चकचकीत पॉलिश नको, डबे घसरतात. तेलकट सामानासाठी जुना लिनोलियमचा तुकडा अंथरा, खराब झाला की बदलता येतो.